“डॉक्टर, मी फिल्टरवालीच ओढतो”: सिगारेटच्या फिल्टरचा इतिहास

खोकला किंवा छातीत दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या पेशंटला “सिगारेट ओढता का?” असं विचारलं की ठरावीक उत्तरं मिळतात. “फार नाही, दिवसाला चार-पाच.” “टेन्शन असलं तरच.” आणि तिसरं उत्तर जरा अभिमानाने येतं: “ओढतो डॉक्टर, पण फिल्टरवालीच. विडीला कधी हात लावला नाही.” शेजारी बसलेली बायकोही मान डोलावते. घरात हा विषय बहुधा आधीच मिटलेला असतो. ओढतात ते वाईटच, पण निदान फिल्टरची तरी ओढतात.

हा समज तुमच्या एकट्याचा नाही. जगभरातल्या कोट्यवधी माणसांच्या मनात तो बसलेला आहे, आणि तो आपोआप बसलेला नाही. पाण्याचा फिल्टर पाणी गाळतो, गाडीचा एअर फिल्टर धूळ अडवतो, मग सिगारेटचा फिल्टर विष अडवत असणारच, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण हा कापसासारखा दिसणारा बोळा सिगारेटला कधी आणि कशासाठी चिकटला, याची हकीकत वाचलीत तर तो काय अडवतो आणि काय अडवत नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.

धूर काहीतरी करून गाळून घ्यावा ही कल्पना सिगारेटपेक्षा जुनी आहे. हुक्क्यात धूर पाण्यातून येतो. आपल्याकडे चिलीम ओढणारे तिच्या बुडाशी ओलं फडकं गुंडाळतात. यात आरोग्याचा विचार कमी आणि सोयीचा जास्त होता: धूर थंड लागावा, तोंडात निखारा किंवा तंबाखूचा चुरा येऊ नये. सिगारेटचंही तेच झालं. सुरुवातीच्या सिगारेटी दोन्ही बाजूंनी उघड्या. ओला झालेला कागद ओठाला चिकटायचा, तंबाखूचे तुकडे जिभेवर यायचे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही सिगारेटींच्या टोकाला कॉर्कची, म्हणजे बाटलीच्या बुचाचं लाकूड असतं त्याची, पातळ पट्टी गुंडाळू लागले. ती काहीच गाळत नव्हती. फक्त ओठाला चिकटत नव्हती. आजही फिल्टरवरचा कागद पिवळसर तपकिरी असतो आणि त्यावर बारीक ठिपके असतात, ती त्या कॉर्कची छापलेली नक्कल आहे. पुढच्या वेळी हातात पाकीट येईल तेव्हा बघा.

खरा फिल्टर आला १९२५ मध्ये. बोरिस ऐवाझ या हंगेरियन संशोधकाने सजावटीला वापरतात तशा चुण्यांच्या क्रेप कागदापासून फिल्टर बनवण्याचं पेटंट घेतलं, आणि ऑस्ट्रियातल्या ऑर्टमान गावच्या बुन्झ्ल कंपनीच्या कागद कारखान्यात तो तयार होऊ लागला. पण फिल्टर आणि सिगारेट जोडणारं यंत्र नव्हतं. ते १९३५ च्या सुमारास इंग्लंडच्या मोलिन्स कंपनीने आणलं. अमेरिकेत १९३१ मध्ये पार्लमेंट आणि १९३६ मध्ये व्हाइसरॉय हे ब्रँड निघाले, पण फिल्टरची सिगारेट महाग आणि नाजूक लोकांची, विशेषतः बायकांची, मानली जायची. पुरुष साधी ओढत. १९५० पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या शंभर सिगारेटींमध्ये फिल्टरची एकही भरत नव्हती. १९६० मध्ये तेच प्रमाण निम्म्यावर गेलं. या दहा वर्षांत काय घडलं?

भीती.

१९५० मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा, अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांचा. दोन्हींचा निष्कर्ष एकच: फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटांमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं जास्त आहे. ग्रॅहॅम हे साधेसुधे डॉक्टर नव्हते. कॅन्सर झालेलं संपूर्ण फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनी १९३३ मध्ये केली होती. ते स्वतः कित्येक वर्षं सिगारेट ओढत होते आणि सुरुवातीला या संबंधावर त्यांचा विश्वासच नव्हता. आकडे पाहून त्यांनी सिगारेट सोडली. १९५७ मध्ये त्यांचं निधन झालं, फुप्फुसाच्या कॅन्सरनेच.

१९५३ मध्ये विंडर, ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेटच्या धुरातलं डांबर (ज्याला आपण टार म्हणतो) उंदरांच्या पाठीवर लावून कॅन्सर होतो हे दाखवलं. बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र बसले. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत त्यांचं संयुक्त निवेदन छापून आलं: तुमचं आरोग्य ही आमची जबाबदारी आहे, पुरावा अजून पक्का नाही, आम्ही संशोधन करू. त्याच वेळी दुकानांत दुसरं उत्तर मांडलं जात होतं, ते म्हणजे फिल्टर. कंपनीला “सिगारेट घातक आहे” असं म्हणायचं नव्हतं, पण घाबरलेल्या गिऱ्हाइकाला काहीतरी हातात द्यायचं होतं. १९५४ मध्ये विन्स्टन आली. बायकांची सिगारेट म्हणून ओळखली जाणारी मार्लबोरो फिल्टर लावून, पुरुषी जाहिरातींसह नव्याने बाजारात आणली गेली. तिचा काऊबॉय तुम्हाला ठाऊक असेल. फिल्टर बायकी वाटू नये म्हणून तो घोड्यावर बसला.

या काळातली एक गोष्ट मात्र मी सविस्तर सांगणार आहे.

मार्च १९५२ मध्ये लॉरिलार्ड कंपनीने केंट नावाची सिगारेट आणली. तिच्या फिल्टरला ‘मायक्रोनाइट’ असं भारदस्त नाव होतं. हवा शुद्ध करण्यासाठी अणुऊर्जा कारखान्यांत वापरतात त्या जातीचा हा पदार्थ आहे, आणि सिगारेटच्या इतिहासात आरोग्याचं एवढं रक्षण कुणी केलेलं नाही, अशा अर्थाच्या जाहिराती होत्या. त्या फिल्टरमध्ये काय होतं? क्रोसिडोलाइट, म्हणजे निळं ॲस्बेस्टॉस. आपल्याकडे छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांमुळे ॲस्बेस्टॉस हा शब्द घरोघरी माहीत आहे. त्याच्या जातींपैकी ही निळी जात सर्वांत घातक समजली जाते. तिचे सुईसारखे तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि तीस-चाळीस वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर करू शकतात. एका फिल्टरमध्ये सुमारे १० मिलिग्रॅम क्रोसिडोलाइट होतं. १९५६ पर्यंत, म्हणजे चार वर्षांत, अशा सुमारे १३ अब्ज सिगारेटी विकल्या गेल्या. १९९५ मध्ये काही संशोधकांनी जपून ठेवलेली जुनी, न उघडलेली केंटची पाकिटं मिळवून त्या सिगारेटी यंत्रावर ओढून पाहिल्या. पहिल्या दोन-चार झुरक्यांतच धुराबरोबर ॲस्बेस्टॉसचे तंतू बाहेर पडत होते.

ओढणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचा त्रास झाला हे मोजणं अवघड आहे, कारण सिगारेट स्वतःच तेवढी घातक. पण हा फिल्टर बनवणाऱ्या कामगारांचं मोजमाप झालं. मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या कारखान्यात १९५३ मध्ये हा पदार्थ तयार व्हायचा, तिथल्या ३३ पुरुष कामगारांचा माग काढून १९८९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अहवाल आला. त्यांपैकी २८ जण तोवर मरण पावले होते. त्या वयाच्या पुरुषांत सरासरीने आठेक मृत्यू अपेक्षित होते. एखाद्या अभ्यासात ३३ मधले २८ असा आकडा मी तरी क्वचितच वाचला आहे. लोकांचं रक्षण करणारी म्हणून विकलेली वस्तू बनवताना ही माणसं गेली.

गंमत म्हणावी की काय कोण जाणे, पण या केंटचा खप आधी फारसा झाला नाही, आणि त्याचं कारण ॲस्बेस्टॉस नव्हतं. फिल्टर जरा जास्तच गाळत होता. ओढायला जोर लागायचा आणि चव लागत नसे. मग कंपनीने तो सैल केला. सगळ्या फिल्टरांची अडचण याच एका प्रसंगात दिसते. धुरातले डांबराचे कण आणि निकोटिन एकत्रच असतात. डांबर पूर्ण अडवायचं तर निकोटिनही अडतं, आणि निकोटिन मिळालं नाही तर गिऱ्हाईक दुसरा ब्रँड घेतो. म्हणजे जो फिल्टर खरोखर काम करेल तो विकला जाणार नाही, आणि जो विकला जातो तो पुरेसं काम करत नाही.

मग विकल्या जाणाऱ्या फिल्टरमध्ये काय असतं? पाकिटातल्या जवळपास प्रत्येक फिल्टरमध्ये आज सेल्युलोज ॲसिटेट असतं. दिसतं कापसासारखं, पण ते लाकडाच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेलं प्लास्टिक आहे. फोटोच्या जुन्या फिल्मा आणि चष्म्यांच्या फ्रेमा ज्याच्या असतात तेच. एका फिल्टरमध्ये त्याचे बारा हजारांहून अधिक बारीक तंतू उभे दाबून भरलेले असतात. धुरातले काही कण त्यांवर आपटून चिकटतात, बरेचसे निसटतात, कारण ते एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आणि वायू? कार्बन मोनॉक्साइड या तंतूंमधून असा निघून जातो जणू मध्ये काही नाहीच. तुमच्या रक्तातल्या प्राणवायूची जागा घेणारा आणि हृदयावर ताण आणणारा वायू तोच. उलट, फिल्टरमधलेच काही सुटे तंतू ओढणाऱ्याच्या तोंडात आणि पुढे आत जातात हेही आढळलं आहे.

“पण डॉक्टर, ओढून झाल्यावर फिल्टर पिवळा होतो, म्हणजे काहीतरी अडलंच ना?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. काही अडतं हे खरं आहे. पण त्या रंगाबद्दल एक माहिती देतो. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीचे रसायनतज्ज्ञ क्लॉड टीग यांनी १९५३ मध्ये असं सुचवलं होतं की फिल्टरच्या पदार्थाची आम्लता बदलली तर धूर लागताच तो गडद होईल. त्याने गाळण्याच्या ताकदीत फरक पडणार नाही, पण जाहिरात आणि विक्रीला त्याचा फायदा उघड आहे, असं त्यांनीच नोंदवून ठेवलं. ही कागदपत्रं पुढे खटल्यांमधून बाहेर आली. तो डाग ओढणाऱ्याने पाहावा आणि त्याला बरं वाटावं, एवढंच त्या डागाचं काम.

१९५७ मध्ये अमेरिकी संसदेत जॉन ब्लॅटनिक यांच्या समितीने फिल्टरच्या जाहिरातींची चौकशी केली. तेव्हा निघालं की अनेक फिल्टर सिगारेटींमधून साध्या सिगारेटीइतकंच, काहींतून जास्तही, डांबर आणि निकोटिन मिळत होतं. फिल्टर लावला तरी आतला तंबाखू अधिक कडक वापरला जात होता. शिवाय फिल्टरचा पदार्थ तंबाखूपेक्षा स्वस्त. सिगारेटीतली तंबाखूची जागा त्याने भरली की कंपनीचे पैसेही वाचायचे.

यानंतर निघाली भोकं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार चाल हीच. फिल्टरवरच्या कागदाला, तोंडापासून साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी बारीक छिद्रांची ओळ. झुरका घेताना त्यातून बाहेरची हवा आत येते आणि धूर पातळ होतो. अमेरिकेत १९६७ पासून सिगारेटीतलं डांबर मोजायला एक यंत्र वापरलं जाऊ लागलं. ते दर मिनिटाला एक, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा झुरका घ्यायचं. यंत्राला ओठ नसतात, बोटं नसतात, तलफ नसते. छिद्रं उघडी राहायची आणि आकडा छान कमी यायचा. त्या आकड्याच्या बळावर पाकिटावर ‘लाइट’, ‘माइल्ड’, ‘लो टार’ असे शब्द आले.

माणूस तसं ओढत नाही. त्याची बोटं आणि ओठ छिद्रांवर येतात. आणि निकोटिन कमी पडलं की मेंदू हिशेब पुरा करून घेतो: झुरका मोठा होतो, खोल जातो, धूर जास्त वेळ आत धरला जातो, किंवा एकाच्या जागी दोन सिगारेटी होतात. यात ओढणाऱ्याची लबाडी नाही, व्यसनाचा तो स्वभावच आहे. परिणाम काय झाला? पूर्वी सिगारेटमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर बहुतेक वेळा मोठ्या श्वासनलिकांजवळ व्हायचा, स्क्वेमस प्रकारचा. नंतरच्या दशकांत फुप्फुसाच्या कडेच्या भागात होणारा ॲडेनोकार्सिनोमा वाढत गेला. (तो न ओढणाऱ्यांनाही होतो, पण मी इथे ओढणाऱ्यांबद्दल बोलतो आहे.) २०१४ च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालाने म्हटलं की ओढणाऱ्यांमधली ही वाढ १९५० नंतर सिगारेटच्या रचनेत झालेल्या बदलांमुळे आहे. नेमका कोणता बदल हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नसला तरी छिद्रांच्या फिल्टरकडे बोट दाखवणारे संकेत आहेत, असंही त्यात आहे. साध्या भाषेत सांगायचं तर धूर कमी झाला नाही, तो आणखी आत गेला. २००६ मध्ये अमेरिकी न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी कंपन्यांनी ‘लाइट’ सिगारेटींबाबत लोकांची फसवणूक केली असा निकाल दिला, आणि २०१० मध्ये तिथे हे शब्दच बंद झाले. युरोपात ते त्याआधीच गेले होते.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगतो. कोळशाचा फिल्टर, म्हणजे ॲसिटेटच्या मध्ये सक्रिय कोळशाचे कण. पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तसाच. तो काही त्रासदायक वायू खरोखर शोषतो, पण कार्बन मोनॉक्साइड शोषत नाही. जपानमध्ये तो फार चालतो. खोलगट फिल्टरमध्ये टोकाशी पोकळी ठेवलेली असते, त्यामुळे ओला बोळा जिभेला लागत नाही. आणि आता पानटपरीवर तरुण मुलं मागतात ती कॅप्सूलवाली: फिल्टरमध्ये छोटी गोळी, बोटांनी दाबली की फुटते आणि पुदिन्याचा किंवा फळाचा वास येतो. गाळण्याशी तिचा काहीही संबंध नाही. घशाला थंड वाटतं, त्यामुळे नवशिक्याला खोकला कमी येतो. कॉलेजातल्या मुला-मुलींच्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

फिल्टरच्या मोहात फक्त सामान्य माणसंच पडली असं नाही. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने रॉबर्ट स्ट्रिकमन नावाच्या संशोधकाच्या नव्या फिल्टरचे हक्क स्वीकारल्याची घोषणा मोठ्या थाटात केली. पुढच्याच वर्षी विद्यापीठाला त्यातून अंग काढून घ्यावं लागलं.

आपल्याकडे साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना विल्स फिल्टरची ‘मेड फॉर ईच अदर’ ही जाहिरात आठवत असेल. हसरं, देखणं जोडपं, आणि एकमेकांसाठीच बनलेले तंबाखू आणि फिल्टर. आदर्श जोडप्यांच्या स्पर्धाही व्हायच्या. त्या जाहिरातीत आजाराचा उल्लेख नव्हता, भीती नव्हती. परदेशात भीतीवरचा उतारा म्हणून आलेला फिल्टर आपल्याकडे प्रतिष्ठेची खूण झाला. विडी कष्टकऱ्याची, फिल्टर साहेबाची. सरकारी करातही सिगारेटीची लांबी आणि फिल्टर आहे की नाही यावरून वेगवेगळे दर ठरत आले. “विडीला हात लावला नाही” या वाक्यातला अभिमान तिथून आला असावा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले ७.७ टक्के प्रौढ विडी आणि ४ टक्के सिगारेट ओढत होते. विडी वाईटच. पण तिच्याशी तुलना करून सिगारेट चांगली ठरत नाही.

“मग काय फिल्टर काढून ओढू?” असं एकाने मला चिडून विचारलं होतं. नाही. फिल्टर तोडलात तर धूर अधिक गरम आणि कडक येईल, फायदा शून्य. “चारवरून एकवर आलो तर?” संख्या कमी करणं ही सोडण्याची पायरी म्हणून चांगली, मुक्काम म्हणून नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा निघाला, विसावा भाग नाही. जे खरोखर उपयोगी पडतं ते फिल्टरइतकं आकर्षक नाही: निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही औषधं, आणि कुणाशी तरी नियमित बोलणं. केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

इकडे फिल्टरचीच गरज काय, असा प्रश्न आता वेगळ्या दिशेने येतो आहे. जगात दरवर्षी सुमारे साडेचार लाख कोटी थोटकं रस्त्यांवर, गटारांत, समुद्रकिनाऱ्यांवर पडतात असा अंदाज आहे. ते प्लास्टिक असल्याने वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि पावसाच्या पाण्यात त्यातलं निकोटिन उतरतं. २०२३ मध्ये बेल्जियमच्या सर्वोच्च आरोग्य परिषदेने सिगारेटच्या फिल्टरवर बंदी घालावी अशी शिफारस केली. त्यांची कारणं दोन: पर्यावरणाचं नुकसान, आणि फिल्टरमुळे ओढणाऱ्याला वाटणारा खोटा दिलासा.